साडेएकोणीस इंच

१

मंगळवारी दुपारी साडेबाराला नितेश घवाळी पावसच्या पुढल्या वाडीतल्या आपल्या घरी परतला, तेव्हा दारापुढच्या खळ्याच्या मधोमध आईची चाकांची खुर्ची रिकामी उभी होती. आई घरात नव्हती, पडवीत नव्हती, न्हाणीत नव्हती. परसातल्या विहिरीत तो ओणवा होऊन बघून आला. पाणी हललेलं नव्हतं.

यमुनाबाई घवाळी एकाहत्तर वर्षांच्या. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. डावा हात, डावा पाय गेला, आणि वाचाही गेली. तेव्हापासून त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय कूससुद्धा बदलली नव्हती. वजन पंचाहत्तर किलो. डॉक्टरांकडे न्यायचं तर नितेश आणि त्याचा टेम्पोवाला अशा दोघा दांडग्या पुरुषांना त्यांना उचलावं लागे.

अशी बाई भर दुपारी घरातून नाहीशी झाली होती.

नितेशनं पोलिसांना फोन केला नाही. त्यानं शमिका नागवेकरला केला.

शमिका मोटार सर्व्हेअर होती. अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हे तिचं बारा वर्षांचं काम. गाडी झाडावर आदळली की झाड गाडीवर पाडलं, हे ती पत्र्याकडे बघून सांगते, असं रत्नागिरीत बोललं जाई. नितेशच्या दोन टेम्पोंचे दावे तिच्याच हातून गेले होते. ती त्या दिवशी गोळपला एका कामावर होती, म्हणून वीस मिनिटांत पोचली.

"नितेशभाऊ, हे माझं काम नाही," ती उतरता उतरता म्हणाली. "आधी पोलिसांत चला."

"गावात बोभाटा नको मॅडम. तुम्ही एकदा बघा फक्त. गाडीतूनच नेलंय तिला. आणि गाडी कोणाची तेसुद्धा मला माहीत आहे."

त्यानं गेटाकडे बोट दाखवलं. गेटाखाली चिऱ्याचा उंबरा होता, जमिनीपासून बरोबर पाच इंच वर आलेला. लाल दगडावर ताजा, काळा, हातभर लांब ओरखडा होता. गाडीचं पोट घासून गेलं की पडतो तसा.

"माझा टेम्पो, माझ्या बायकोची गाडी, रोज इथून जातात. कधी घासत नाहीत," नितेश म्हणाला. "एकच गाडी एवढी खाली आहे. अनिलची."

शमिकानं पर्समधून टेप काढला. सवयच होती तिला. उंबरा मोजला, ओरखडा मोजला. मग खुर्चीपाशी आली. खुर्चीचा उजवा हात सोडवून तुळशीला टेकवून ठेवला होता. चाकांचे ब्रेक लावलेले होते. बैठकीची उंची तिनं उशीसकट मोजली. वीस इंच.

"बाईंना शोधायला मी संध्याकाळपर्यंत थांबेन," ती म्हणाली. "त्यानंतर मीच पोलिसांत जाणार."

"गुरुवारच्या आत ती घरात आली पाहिजे," नितेश म्हणाला.

शमिकानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. अपंग आई हरवलेला माणूस 'आत्ता' म्हणतो, 'रात्र पडायच्या आत' म्हणतो. हा गुरुवार म्हणत होता.

२

यमुनाबाईंचं सगळं करायला वाडीतलीच चिमा येई. पन्नाशीची, बारीक, काळीसावळी बाई. ती पडवीच्या खांबाला टेकून उभी होती, आणि तिचं लक्ष सारखं नितेशकडे जात होतं.

"साडेधाला आंघोळ घातली. पेज भरवली," ती म्हणाली. "काकी म्हणाल्या, आज जरा उन्हात बसव. म्हणून खळ्यात आणली नि मी घरला गेले. माझा भात चुलीवर होता."

"म्हणाल्या?" शमिकानं विचारलं.

"म्हंजे, बोटान दाखवलंन. उजवा हात चालतो ना."

"परत कधी आलात?"

"नितेशदादान बोंब मारली तवा."

तेवढ्यात गेटाशी रिक्षा थांबली. नितेशचा फोन आल्यावर निघालेली त्याची बायको सानिका उतरली. अंगावर पॅथॉलॉजी लॅबचा पांढरा कोट तसाच होता. ती रत्नागिरीत लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. सकाळी लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि दुपारी लॅबमध्ये तपासायचे, हे तिचं काम.

"गाडी कुठाय तुझी?" नितेशनं विचारलं.

"पंक्चर झाली. ठेवून आले. रिक्षा लवकर मिळाली." तिनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि लगेच नजर काढली. "पोलिसांना कळवलं?"

"नाही. आणि कळवायचं पण नाही."

सानिका शमिकाला नमस्कार करून आत गेली. 

शमिकानं नितेशला बाजूला घेतलं. "गुरुवारी काय आहे?"

नितेशनं आवाज खाली आणला. "सड्यावरची, वरच्या कातळावरची बाग आईच्या नावावर आहे. मुखत्यारपत्र करायचंय. तिला रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेता येत नाही, म्हणून साहेब घरी येणार आहेत. अंगठा घ्यायला. मोठ्या मुश्किलीनं तारीख मिळाली."

"बाग विकायची आहे?"

"बोलू शकत नाही, चालू शकत नाही, तिला बाग काय करायची? अनिलला हे कळलंय. आईच्या भावाचा मुलगा तो. मागच्या महिन्यात इथं येऊन तमाशा केला. मी गेटाबाहेर काढला त्याला. आता गुरुवार हुकवायला आईला पळवलीन त्यानं."

सगळं जुळत होतं. भांडण होतं, कारण होतं, उंबऱ्यावर ओरखडा होता. शमिकाच्या अनुभवात एवढं नीट जुळलेलं प्रकरण बहुतेक वेळा खोटं निघे. पण पंचाहत्तर किलोची, अर्धं अंग लुळं पडलेली बाई कुठंतरी होती, हे खोटं नव्हतं. ती जिवंत आहे का, हा प्रश्न घरात अजून कुणीच विचारला नव्हता. 

३

अनिल मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. शमिका पोचली तेव्हा तो बाहेरच उभा होता, आणि त्याची लाल गाडी भिंतीला लावलेली. गाडी इतकी खाली बसवलेली, की चाकाचा वरचा भाग मडगार्डच्या आत गेलेला दिसत होता.

"यमुनाबाई कुठं आहेत?" तिनं सरळ विचारलं.

"आत्या? घरी. दुसरीकडं कुठं असणार?"

तिनं सांगितलं. अनिल तिथल्याच एका उलट्या टोपलीवर बसला. पस्तिशीचा, केळशीहून आलेला, दंडावर गोंदलेला दांडगा माणूस. 

"नितेशनं काय केलं तिचं?" तो म्हणाला.

"तो म्हणतो, तुम्ही केलं."

"मला गेटात घेत नाही तो. मी शेवटचं बघितलं आत्याला ते खिडकीतून. माझ्याकडं बघून हात हलवलान तिनं. बोलली नाही." त्यानं डोळे पुसले. "मी सकाळी सहापासून इथं आहे. ट्रॉलरना बर्फ चाललाय. पन्नास माणसं सांगतील."

पन्नास माणसांपेक्षा शमिकाचा गाडीवर जास्त विश्वास होता. ती चाकापाशी उकिडवी बसली आणि मोबाइलचा उजेड आत मारला.

असल्या गाड्यांचं सस्पेन्शन कंपनीतून आलेलं नसतं, बाहेरून घेऊन बसवलेलं असतं. शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात, बाटलीच्या तोंडाला असतात तसे. त्या आट्यांवर एक रिंग बसते आणि रिंगवर स्प्रिंग उभी राहते. रिंग खाली फिरवली की गाडी खाली बसते, वर फिरवली की उचलते. खाली दुसरी रिंग कसली की पहिली जागची हलत नाही.

अनिलच्या गाडीतले आटे दिसतच नव्हते. खाऱ्या वाऱ्यानं सगळ्यावर गंजाचा जाड पापुद्रा धरला होता. रिंग कमीत कमी दोन वर्षं हललेली नव्हती.

"पुढं ही प्लास्टिकची पट्टी काय उंचीवर आहे?" तिनं टेप लावला. साडेतीन इंच. पाच इंचांच्या उंबऱ्यावरून ही गाडी गेली असती तर पट्टीचे तुकडे झाले असते. पट्टी धड होती.

आणि आत रेसिंगच्या गाडीतल्यासारखी खोल सीट होती, दोन्ही बाजूंनी वीतभर उंच कडा असलेली. तीत धडधाकट माणसालाही आधी पाय, मग कंबर असं स्वतःला घालावं लागे. लुळी बाई तीत जाणं शक्य नव्हतं.

"तुमची गाडी नव्हती," शमिका म्हणाली. "पण खाली बसवलेली दुसरी एक गाडी होती. रत्नागिरीत हे काम कोण करतं?"

"एकच माणूस. एमआयडीसीतला संदेश. माझी त्यानंच केली." अनिल उठून उभा राहिला. "मॅडम, आत्या जिवंत आहे ना?"

शमिकानं टेप गुंडाळून पर्समध्ये टाकला.

४

संदेशच्या गॅरेजमध्ये एक पांढरी, साधी, कुटुंबवाली गाडी जॅकवर चढवलेली होती. तीन चाकं बसवून झाली होती, चौथ्याचं काम चालू होतं. संदेश हुकासारख्या वाकड्या पान्यानं रिंग फिरवत होता. खाली नव्हे, वर.

"उचलताय?" शमिकानं विचारलं. तो तिला ओळखत होता. बरेच दावे याच गॅरेजमधून जात.

"काल संध्याकाळी खाली केली, आज परत वर. गिऱ्हाईक राजा," संदेश हसला. "दहा दिवसांपूर्वी हे सस्पेन्शन टाकून घेतलं. तेव्हा उंची होती तशीच ठेवायला सांगितली. मी म्हटलं, मग एवढा खर्च कशाला? तर म्हणे, लागेल तेव्हा सांगेन. काल सांगितलं, खाली करा. आज साडेबाराला गाडी आणून दिली, म्हणे पहिल्यासारखी करा. अलाइनमेंट पण नको म्हणाले. उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, टायर खाते गाडी. पण म्हणे, एका दिवसाचाच प्रश्न आहे."

शमिकानं वाकून बघितलं. निळ्या नळीवर दहा दिवसांचा लाल धुरळा बसला होता. पण रिंगच्या खालचा दोन इंचांचा पट्टा लख्ख होता. रिंग खाली गेली, वर आली, आणि जाता-येता तेवढ्या आट्यांतली धूळ पुसून गेली.

"गाडी कुणाची?"

संदेशचं हसणं गेलं. "ते विचारू नका मॅडम. मी शब्द दिलाय."

"मग कामाचं कार्ड दाखवा."

कार्डावर नाव नव्हतं. गाडीचा नंबर नव्हता. कालच्या तारखेखाली फक्त एक आकडा होता, ठळक, खाली दोन रेघा मारलेला: साडेएकोणीस.

शमिका त्या आकड्याकडे बघत राहिली. गाडीची उंची मोजायची तर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. या गाडीला ती चौदा-पंधरा इंच येईल. कुणी जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजतात. ती पंचवीसच्या वर येईल. साडेएकोणीस कुठंच बसत नव्हता.

"हे कुठून कुठपर्यंत?"

"तेच तर," संदेश म्हणाला. "सतरा वर्षं हे काम करतोय. लोक गाडीला बाहेरून टेप लावतात. हिनं दार उघडून लावला. जमिनीपासून पुढच्या सीटपर्यंत. माणूस बसल्यावर स्प्रिंग दबते ते धरून साडेएकोणीस आलं पाहिजे, जास्त एक सूतही नको. मला बसवून बघितलं तिनं."

बोलण्याच्या भरात तो 'हिनं' म्हणाला होता, ते त्याच्या लक्षात आलं नाही. शमिकाच्या आलं.

सीट साडेएकोणीस. खुर्चीची बैठक वीस. खुर्ची गाडीच्या डाव्या दाराला लावली, तिचा उजवा हात काढला, ब्रेक लावले, तर माणसाला उचलावंच लागत नाही. किंचित उतारावरून उजव्या, चांगल्या अंगाकडे सरकवलं की झालं. दोन दांडग्या पुरुषांची गरज नाही. दोन बायका पुरतात.

तिनं पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवर घरातला लांब शिसवी पाट पडला होता. त्यावर टाल्कम पावडर चोळलेली होती. पाटाशेजारी रक्ताच्या नमुन्यांची थंड पेटी होती, लॅबच्या नावाची चिठ्ठी लावलेली.

मागून पावलं वाजली. सानिका गॅरेजच्या दारात उभी होती. घरून ती सिव्हिल हॉस्पिटलात सासूला शोधायला म्हणून निघाली होती.

५

सानिकानं नाकारलं नाही. ती बाकावर बसली आणि तिनं संदेशला पाणी मागितलं.

"ओरखडा पडला तेव्हाच मला वाटलं होतं, कुणीतरी इथवर येणार," ती म्हणाली. "येताना नाही घासली. आई बसल्यावर घासली."

"चिमा तुमच्याबरोबर होती."

"खुर्ची तिनं धरली. पाट मी घातला. अर्ध्या मिनिटात आई आत होत्या. रोज संध्याकाळी आम्ही दोघी पलंगावरून खुर्चीवर असाच सराव करायचो. पलंगही वीस इंच आहे. फक्त गाडी साडेएकवीसची होती, त्या दीडदोन इंचांवर गाडं अडत होतं. चढावर सरकवता येत नाही. महिनाभर मी डोकं फोडलं. मग अनिलची गाडी आठवली."

"रुग्णवाहिका बोलवायची."

"ड्रायव्हरनं वाडीत पाय ठेवला की नितेशला फोन गेला असता. शेजारी धावले असते." तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "त्यांनी आम्हाला जाऊ दिलं नसतं."

"पण का, सानिकाताई? मुखत्यारपत्रासाठी?"

"आईंना जायचं होतं. एवढंच मला माहीत आहे. चिमानं मला सांगितलं. गुरुवारच्या आत मला इथून काढा, नाहीतर मी जेवण सोडेन, असं त्यांनी चिमाला सांगितलं."

शमिका सावकाश म्हणाली, "सांगितलं. बोटानं एवढं सांगता येत नाही."

सानिकानं तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ खरा होता. तिनं हे शब्द स्वतः उच्चारले होते आणि त्यांचा अर्थ तिच्यापर्यंत आत्ता पोचत होता.

"मला वाटलं, उजव्या हातानं पाटीवर लिहिलं असेल," ती म्हणाली. "गाडीतही त्या गप्पच होत्या. बाहेर बघत होत्या."

"कुठं ठेवलंय त्यांना?"

"माळनाक्याला. काशीमावशींकडे. आईंच्या केळशीच्या मैत्रीण. अलोऱ्याच्या वसाहतीत दवाखान्यात नर्स होत्या, आता इथं तळमजल्यावर एकट्या असतात. त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती."

"चला," शमिका म्हणाली. "मला त्यांना डोळ्यांनी बघायचंय. मग काय ते ठरवू."

६

काशीमावशींनी दार उघडलं. उंच, ताठ बाई, पांढरे केस आखूड कापलेले. खिडकीजवळच्या पलंगावर यमुनाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. समोर ताटलीत भाजलेला सुरमईचा तुकडा होता, काटे काढलेला.

"आई, ह्या शमिकाताई," सानिका म्हणाली. "ह्यांना सगळं कळलंय. पण ह्या आपल्या बाजूच्या आहेत, असं मला वाटतं."

"बसा," यमुनाबाई म्हणाल्या.

सानिकाच्या हातातली किल्ली खाली पडली.

शब्द थोडा जड होता, डाव्या ओठाच्या कोपऱ्यात जरा अडकलेला. पण शब्दच होता. चौदा महिने सानिकानं तो ऐकला नव्हता.

"डावी बाजू गेली म्हणजे झटका मेंदूच्या उजव्या अंगाला," काशीमावशी शांतपणे म्हणाल्या. "बोलणं बहुतेकांचं डाव्या अंगात असतं. वाचा जायचं कारण नव्हतं. पहिले दोन आठवडे जीभ जड होती, तेव्हा डॉक्टरांनी लिहिलं, वाचा गेली. पुढं कुणी तपासलं नाही. मी दिवाळीला भेटायला गेले, फाइल बघितली, हिच्या कानात म्हटलं, यमुने, तू ढोंग करतेस. तर हिनं माझा हात धरला तो सोडला नाही."

"आई," सानिका म्हणाली. "माझ्याशी पण नाही?"

"तू त्याची बायको," यमुनाबाई म्हणाल्या. "तुला ठाऊक असेल, असं मला वाटत होतं. चिमा म्हणायची, वहिनीला ठाऊक नाय. मला पटायला वर्ष लागलं."

"काय ठाऊक?"

यमुनाबाईंनी ताटली बाजूला सारली.

"मी ओटीवर पडले तेव्हा घड्याळात दोन वाजलेले. समोरच घड्याळ. हात हलेना, तोंडातून आवाज फुटेना, पण दिसत होतं, ऐकू येत होतं. पाच-दहा मिनिटांत नितेश आला. मला वाटलं, वाचले. माझ्याकडं बघितलान. वाकून नाकाशी हात धरलान. मग पंखा लावलान, खुर्ची ओढलीन, नि बसला."

यमुनाबाईंनी उजव्या हातानं पांघरूण सारखं केलं.

"पाच वाजता चिमा बरणी द्यायला आली, तवा उठला. तिच्यासमोर ओरडला, आई पडली म्हणून. मग गाडी, मग दवाखाना. डॉक्टरना सांगितलान, आत्ताच घरी आलो, आत्ताच बघितली."

"फाइलमध्ये तसंच आहे," काशीमावशी म्हणाल्या. "साडेचार तासांच्या आत नेलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सात वाजले."

शमिकानं बारा वर्षांत चेपलेल्या, जळालेल्या, माणसं आत अडकलेल्या गाड्या बघितल्या होत्या. इथं काही आदळलं नव्हतं. एक माणूस फक्त बसून राहिला होता.

सानिका भिंतीला धरून उभी होती.

"त्या दिवशी तीन वाजता मी त्यांना फोन केला होता," ती म्हणाली. "भाजी आणू का विचारायला. म्हणाले, मी बागेत आहे, सड्यावर. आणि मागं पंख्याचा आवाज येत होता. आमच्या ओटीवरचा पंखा फिरताना टकटक वाजतो. मी मनात म्हटलंसुद्धा, बागेत पंखा कुठला. मग रक्ताचे रिपोर्ट आले नि मी विसरून गेले." तिनं तोंडावर हात घेतला. "चौदा महिने मी विसरून गेले."

यमुनाबाईंनी उजवा हात पुढे केला. सानिका येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"फोन लाव त्याला," यमुनाबाई म्हणाल्या.

सानिकानं शमिकाकडे बघितलं. शमिकानं मान हलवली. फोन स्पीकरवर ठेवला.

"सापडली का?" नितेशचा आवाज आला.

"नितेश," यमुनाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी जागी होते."

पलीकडून काहीच आलं नाही. तिकडं गेटाबाहेर कुत्रं भुंकत होतं, ते स्वच्छ ऐकू येत होतं. एक, दोन, तीन असे शमिकानं मनात आकडे मोजले. अकरापर्यंत पोचली, आणि फोन कट झाला.

"त्यांनी विचारलं नाही," सानिका हळूच म्हणाली.

"हो," शमिका म्हणाली. "दुपारपासून आई हरवलेली. चौदा महिने मुकी. तिचा आवाज कानावर पडला, तर कुठलाही मुलगा आधी विचारेल, तू कुठं आहेस? नाहीतर म्हणेल, तू बोलायला लागलीस? त्यांनी यातलं काही विचारलं नाही. कुठला दिवस, हेसुद्धा विचारलं नाही."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शहर पोलीस ठाण्याच्या महिला उपनिरीक्षक काशीमावशींच्या घरी आल्या. बरोबर लिहून घ्यायला एक शिपाई. शमिका आणि सानिका दाराशी उभ्या राहिल्या. चिमाला अनिल घेऊन आला होता. ती पलंगाच्या पायाशी जमिनीवर बसली.

नितेशनं रात्रीच वकील गाठला होता. आपण घरात आलो तेव्हा आई झोपली आहे असं वाटलं, ओटीवर गार लागतं म्हणून ती दुपारी तिथंच पडते, म्हणून आपण शेजारी बसलो, असं त्याचं म्हणणं होतं. तीन तास झोपलेल्या आईशेजारी बसणं हा गुन्हा नव्हे.

उपनिरीक्षक बाईंनी हे यमुनाबाईंना वाचून दाखवलं. त्या तरुण होत्या, आवाज मऊ ठेवायचा प्रयत्न करत होत्या.

"आजी, मला विचारावं लागतं म्हणून विचारते. तुम्ही जाग्या आहात हे त्यांना कळलं नसेल, असं होऊ शकतं ना? तुम्ही हलत नव्हता, बोलत नव्हता."

"डोळे उघडे होते माझे."

"ते त्यांनी बघितलं कशावरून?"

"पहिल्यांदा खुर्ची माझ्या तोंडासमोर मांडलीन," यमुनाबाई म्हणाल्या. "थोडा वेळ बसला. मग उठला, खुर्ची फिरवलीन, नि माझ्याकडं पाठ करून बसला."

"तशीच होती," चिमा जमिनीवरून म्हणाली. "मी बरणी घेऊन आत गेले तवा खुर्चीचं तोंड भिंतीकडं होतं. भिंतीकडं तोंड करून काय बसतोय हा, असं वाटलं मला."

शिपायाचं लिहिणं थांबलं. उपनिरीक्षक बाई पुढं वाकल्या.

"खुर्ची का फिरवली असेल त्यांनी, आजी?"

यमुनाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. लहान मुलाला समजावं तसा एकेक शब्द त्या सावकाश बोलल्या.

"मी बघत होते ना त्याच्याकडं."